बापाचें पाप आणि लेकाचा न्याय

इ. स. पूर्व ५९७ मध्यें बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यरुशलेम घेतलें आणि तरुण राजा यहोयाखीन, त्याचे दरबारी व कारागीर यांस बंदिवान करून नेलें. त्यांतच यहेज्केल नांवाचा याजक होता. पुढें दहा-अकरा वर्षांनीं नगर उद्ध्वस्त होऊन मंदिरहि जळालें. हा कोणत्या पापाचा दंड, असा प्रश्न खबार नदीच्या कांठीं वसविलेल्या लोकांपुढें होता.

बायबलांतील राजांच्या वृत्तांतांत या नाशाचें मूळ मनश्शे राजाच्या दुष्कृत्यांत दाखविलें आहे. परंतु मनश्शे ५५ वर्षें राज्य करून मेला. आणि धर्मशुद्धि करणारा त्याचा नातू योशीया इ. स. पूर्व ६०९ मध्यें मगिद्दो येथें मिसरच्या राजाच्या हातून मारला गेला. करणारा सुटला, आणि मागाहून जन्मलेले बेड्यांत पडले. बापाचें पाप लेकाच्या माथीं, असें लोक कडवटपणें म्हणूं लागले. त्या कडवटपणांत एक सोयहि होती. दोष पूर्वजांचा ठरला, म्हणजे स्वतः कांहीं सुधारावयाचें उरत नाहीं.

यहेज्केलानें हें बोलणें खोडून काढलें. त्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायांत तीन पिढ्यांचें उदाहरण आहे: बाप सदाचारी, मुलगा दुराचारी, नातू पुन्हां सदाचारी. बापाचें पुण्य मुलास तारीत नाहीं आणि मुलाचें पाप नातवास लागत नाहीं. पापी मागें फिरला तर त्याचें जुनें पापहि मोजलें जात नाहीं. बापाच्या अपराधाबद्दल मुलास देहदंड देऊं नये, हा नियम मोशेच्या शास्त्रांत मानवी न्यायाधीशांसाठीं होताच. यहेज्केलानें देवाच्या न्यायासनासहि तोच लावला.

मात्र याचा अर्थ दुःख दिसलें कीं पाप असलेंच पाहिजे, असा नव्हे. ईयोबाच्या ग्रंथांत निरपराध माणूस दुःख भोगतो, आणि त्यास पापी ठरविणाऱ्या मित्रांसच देव दोष देतो.

बाबेलच्या उत्खननांत सांपडलेल्या व १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मातीच्या पाट्यांवर यहोयाखीन व त्याच्या पांच मुलांस मिळणाऱ्या तेलाची नोंद आहे. हीं मुलें मनश्शेच्या वंशांतलीं, तशींच योशीयाचे पणतूहि. यहेज्केलाच्या न्यायानें एकाचें ऋण त्यांच्या नांवें नव्हतें आणि दुसऱ्याची पुण्याईहि नव्हती. त्यांच्या नांवें जें लिहिलें जाईल, तें त्यांच्याच हातचें असणार होतें.