बेळगावचा व्हॅक्सिन डेपो

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. मैदान, जुनी झाडे, सभा आणि प्रदर्शने एवढीच त्या जागेची ओळख आता उरली आहे. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हा डेपो कशाचा? बसचा का?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे हे भाषण होय.

ज्या व्याधीपुढे वैद्याचे काही चालत नसे, तिला आपल्या पूर्वजांनी 'देवी' म्हटले. त्या एका शब्दात त्यांची सारी अगतिकता आहे. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधायच्या आणि वाट पाहायची! जो वाचे, त्याच्या तोंडावर जन्माचे वण राहत; कित्येकांचे डोळे जात.

१७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने एका गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीची लस आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे त्या मुलाला खऱ्या देवी मुद्दाम टोचल्या, तरी त्यास रोग झाला नाही. सौम्य शत्रूशी एकदा झुंजलेले शरीर उग्र शत्रूला ओळखते, हे त्यातून सिद्ध झाले. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचण्यात आली.

परंतु ही लस साठवावी कशी? आरंभी एका मुलाच्या दंडावरील फोडातून ती दुसऱ्याच्या दंडात घालीत. साखळी तुटली की लस संपे. शिवाय एकाचा दुसराच रोग दुसऱ्यास जडण्याचे भय असे. म्हणून पुढे वासरांच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आली. वासराच्या अंगावरील केस काढून, कातडीवर बारीक ओरखडे ओढून त्यांत बीज लावीत आणि काही दिवसांनी फोडांतील द्रव्य खरवडून ग्लिसरिनमध्ये खलीत. बेळगावच्या डेपोत तयार होई ती हीच लस.

तिचा मोठा वैरी म्हणजे ऊन. बेळगावची हवा थंड खरी. पण तेथून निघालेली कुपी उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत पोहोचेपर्यंत निःसत्त्व होऊ शके. देवी टोचूनही मूल दगावले, तर त्या गावाने पुन्हा विश्वास कसा ठेवावा? ही अडचण दूर केली ती गोठवून शुष्क केलेल्या लशीने. ती उष्ण हवेतही महिनाभर टिके. आपल्या देशात अशी शुष्क लस करणाऱ्या संस्था मोजक्याच होत्या: पटवाडंगर, गिंडी, हैदराबाद आणि आपले बेळगाव.

भारतात देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ साली सुरू झाली. तरीही १९७४ या एका वर्षात देशात १,८८,००० हून अधिक लोकांना देवी आल्या. मग घरोघर शोध, रोग्याच्या भोवतालच्या प्रत्येकास लस असा नेटाचा प्रयत्न झाला आणि १९७५ च्या मे महिन्यात या देशातील अखेरच्या रोग्याची नोंद झाली. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. माणसाने पृथ्वीवरून समूळ नाहीसा केलेला मानवी रोग आजवर हा एकच.

माझ्या आईच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन मोठे वण आहेत. माझ्या दंडावर क्षयाच्या लशीची बारीक खूण तेवढी आहे. देवीचा वण नाही. माझ्या पिढीला त्याची गरजच उरली नाही. त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, "बाळ, घरी जाऊन आजीचा दंड पाहा. हा डेपो कशाचा होता, ते तेथे लिहिलेले आहे. आणि तुझ्या दंडावर ते लिहिलेले नाही, हीच या डेपोची कमाई."