मेकअपचे ब्रश : धुणे सोपे, वाळवणे अवघड

लग्नसराई किंवा सणवार जवळ आले की घरोघरच्या प्रसाधनपेट्या उघडतात. फाउंडेशनची मुदत संपली आहे का, लिपस्टिकला वास तर येत नाही ना, हे आता बहुतेक जणी पाहून घेतात. त्याच पेटीच्या तळाशी पडलेल्या ब्रशची विचारपूस मात्र सहसा होत नाही. ब्रशला छापील मुदत नसते आणि त्यावर दिसणारा मळ हा आपलाच रंग असल्याने तो मळ वाटत नाही.

वस्तुतः ब्रश चेहऱ्यावर रंग लावतो, तसाच चेहऱ्यावरून पुष्कळ काही उचलतोही. त्वचेचे तेल, घाम, मृत पेशी आणि त्यांच्यासोबत येणारे जिवाणू केसांच्या मुळाशी साठत जातात. फोड आणि गळवांना कारणीभूत ठरणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात निमूटपणे राहत असतो. तोच फुटलेल्या मुरुमात किंवा पापणीच्या कडेला पोहोचला की त्रास सुरू होतो. रांजणवाडी वारंवार होत असेल, तर काजळासोबत ते लावण्याचा ब्रशही तपासलेला बरा.

ब्रिटनमधील अ‍ॅस्टन विद्यापीठातील संशोधकांनी वापरात असलेल्या ४६७ प्रसाधनांची तपासणी करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि फाउंडेशन पसरवण्याचे स्पंज होते. बहुसंख्य वस्तूंवर जिवाणू आढळले. स्पंजांची स्थिती सर्वांत वाईट होती. त्यांपैकी ९३ टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. या तपासणीत ब्रश नव्हते, हे खरे. पण एकाच चेहऱ्यावर, एकाच फाउंडेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या ब्रशची कथा फार निराळी असेल, असे मानण्यास आधार नाही.

ब्रश किती दिवसांनी धुवावेत? अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी, सात ते दहा दिवसांनी धुण्याचा सल्ला देते. रोज मेकअप करणाऱ्यांसाठी हा हिशेब योग्य आहे. फाउंडेशन, कन्सीलर आणि डोळ्यांचे ब्रश यांबाबत तो काटेकोर पाळावा. कोरड्या पावडरीच्या ब्रशला थोडी सवलत देता येते. केवळ समारंभापुरता मेकअप करणाऱ्यांनी समारंभ आटोपल्यावर ब्रश धुऊनच पेटीत ठेवावेत. सहा महिन्यांनी पुढच्या लग्नाच्या सकाळी धुण्यात काही अर्थ नसतो, कारण तेव्हा वाळवण्यास वेळच उरत नाही.

धुण्यापूर्वी ब्रशची रचना समजून घेणे आवश्यक आहे. केसांचा जुडगा आणि दांडा यांना धातूची एक नळी जोडते. नळीच्या आत केस गोंदाने चिकटवलेले असतात. पाणी नळीत शिरले की गोंद सैल होतो आणि केस गळू लागतात. लाकडी दांडा फुगून त्यावरील रंगाला भेगा पडतात. म्हणून ब्रश वाटीत किंवा पेल्यात बुडवून ठेवू नये. केसांची टोके खाली धरून, नळीच्या अलीकडेपर्यंतच, कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली ती ओली करावीत. कढत पाण्यानेही गोंदाचे नुकसानच होते. तळहातावर सौम्य शाम्पूचे दोन-चार थेंब घेऊन त्यावर ब्रश हलकेच गोल फिरवावा. फेसातून रंग येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. शेवटी पांढऱ्या कपड्यात केस दाबून पाहावेत. कपड्यावर डाग उमटला, तर काम अजून बाकी आहे.

लहान बाळांचा शाम्पू या कामास उत्तम. न ओघळणारे, दिवसभर टिकणारे फाउंडेशन पाण्याला दाद देत नाही. अशा वेळी भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब त्यात मिसळावा. तेवढा पुरतो. घरगुती उपायांमध्ये रिठ्याचे गाळलेले पाणीही चालते, कारण रिठ्यात निसर्गतःच फेस देणारे द्रव्य असते. मात्र ते डोळ्यांना भयंकर झोंबते, त्यामुळे डोळ्यांच्या ब्रशसाठी ते वापरू नये. शिकेकाईची पूड टाळावी. तिचे कण केसांत अडकून राहतात. धुण्याचा सोडा तर अजिबात नको.

बकरी किंवा खारीच्या नैसर्गिक केसांचे ब्रश अधिक जपावे लागतात. माणसाच्या केसांसारखेच त्यांच्यावर सूक्ष्म खवले असतात. त्यांत पावडर छान धरली जाते आणि तेलही. जपानच्या हिरोशिमा प्रांतातील कुमानो हे गाव अशा हातबनावटीच्या ब्रशसाठी नावाजलेले आहे. २०११ मध्ये महिला फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी संघाला तेथील सरकारने राष्ट्रीय सन्मानासोबत कुमानोचे मेकअप ब्रशच भेट दिले होते. रोजच्या वापरासाठी मात्र नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे ब्रश सोयीचे. ते तेल शोषत नाहीत, लवकर धुतले जातात आणि लवकर वाळतात.

आणि खरी परीक्षा वाळवण्यातच असते. अर्धवट ओला ब्रश पेटीत बंद करणे हे न धुण्यापेक्षा वाईट, कारण जिवाणू आणि बुरशी यांना हवा असलेला ओलावा आपण स्वतःच पुरवतो. धुतलेला ब्रश सुती कपड्यात दाबून टिपावा, पिळू नये. केसांना बोटांनी मूळचा आकार द्यावा. तो पेल्यात उभा ठेवला की उरलेले पाणी थेट नळीत उतरते. त्याऐवजी मेजाच्या कडेला, केस बाहेर राहतील असा आडवा ठेवावा किंवा कपडे वाळत घालण्याच्या दोरीला चिमट्याने उलटा टांगावा. नागपूरच्या मे महिन्यात ब्रश काही तासांत वाळेल. तेथे उन्हात न ठेवण्याचेच भान राखावे. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा पावडरीचा जाड ब्रश दुसऱ्या दिवशीही आतून ओलसर असू शकतो. पंख्याखाली ठेवावा आणि न्हाणीघरात तर मुळीच नको. केसांचा जुडगा गालावर दाबून गारवा जाणवला, तर तो वाळलेला नाही.

स्नेहसंमेलने, नृत्याचे वर्ग, हौशी नाटकांचे रंगपट येथे एकच ब्रश दहा-पंधरा चेहऱ्यांवर फिरतो. दोन चेहऱ्यांच्या मध्ये धुणे शक्य नसते. तेथे औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी पडते. याहून तीव्र अल्कोहोल अधिक चांगले, हा समज चुकीचा आहे. जिवाणू मारण्यासाठी त्यात थोडे पाणी लागतेच. आधी ब्रशवरील रंग कागदी रुमालाला पुसावा, मग केस अल्कोहोलने ओले करून पूर्ण सुकू द्यावेत. जवळपास समई वा उदबत्ती नसावी. नैसर्गिक केस याने रुक्ष होतात. ओठांचा आणि डोळ्यांचा ब्रश मात्र प्रत्येकाने आपलाच आणावा. कोणाचे डोळे आले असतील, ओठांवर फोड असतील, तर त्या व्यक्तीचा मेकअप वेगळ्या साहित्याने व्हावा आणि ते साहित्य नंतर टाकून द्यावे.

स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवावा. चिरा पडल्या किंवा काळे ठिपके दिसले की तो गेलाच. ब्रश धुऊनही वास येत असेल, केस चेहऱ्यावर गळत असतील किंवा नळी दांड्यावर हलत असेल, तर त्याचेही दिवस भरले. मस्काराची कांडी धुण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्यासह बाटलीच साधारण तीन महिन्यांनी बदलावी.