स्टोल्ट, रॉयने
(५ सप्टेंबर १९५६– ). स्वीडिश गिटारवादक, गायक, संगीतकार व निर्माता. जन्म उप्साला येथे. सुरुवात त्याने बेस गिटारवर, गावातल्या रॉक बँडांमधून केली. १९७३ च्या सुमारास तो मुख्य गिटारकडे वळला आणि पुढच्याच वर्षी, सतराव्या वर्षी, किबोर्डवादक हान्स लुंडिन याच्या ‘काइपा’ या बँडमध्ये दाखल झाला. काइपाची गाणी स्वीडिश भाषेत असत. ‘काइपा’ (१९७५), ‘इंगेट न्यूट उंडर सोलेन’ (१९७६) आणि ‘सोलो’ (१९७८) या तीन अल्बमांनंतर १९७९ मध्ये तो बाहेर पडला.

काइपा वाजवत असलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या संगीतप्रकाराला १९८० चे दशक प्रतिकूल होते. ‘फँटेसिया’ हा बँड आणि काही एकल अल्बम एवढ्यावर त्याची ही वर्षे गेली. कलाटणी मिळाली ती ‘द फ्लॉवर किंग’ (१९९४) या एकल अल्बमने. वीस-पंचवीस मिनिटांच्या रचनांचे दिवस सरले, असे सगळे म्हणत असताना त्याने त्याच रचनापद्धतीत पुन्हा हात घातला. या अल्बममधूनच ‘द फ्लॉवर किंग्ज’ हा बँड उभा राहिला; किबोर्डवर टॉमस बोडिन, गायनाला हासे फ्रोबेर्ग. ‘फ्लॉवर पॉवर’ (१९९९) या दुहेरी अल्बममधील ‘गार्डन ऑफ ड्रीम्स’ ही रचना अठरा भागांची असून जवळपास तासभर चालते. ती सलग ऐकावी; तुकड्या-तुकड्यांनी ऐकल्यास सुरावटी परत कशा येतात ते निसटते.

स्टोल्टचे वादन वेगासाठी ऐकायचे नाही. तो एकेक स्वर लांबवतो, तार ओढून स्वर वर चढवतो, मग मधेच ब्लूजच्या खरखरीत वळणावर उतरतो. हे वादन गायकीच्या जवळचे आहे आणि तेच त्याचे खरे सामर्थ्य होय.

नील मोर्स, माइक पोर्टनॉय आणि पीट ट्रेवावस या संगीतकारांसह त्याने ‘ट्रान्सअटलांटिक’ हा बँड स्थापन केला. पहिल्या अल्बमच्या (२०००) ‘एसएमपीटीई’ या नावातील पहिली चार अक्षरे चौघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. ‘द व्हर्लविंड’ (२००९) ही तर बारा भागांची, सत्याहत्तर मिनिटांची एकच रचना आहे. प्रथमच ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

लुंडिनबरोबर काइपाचे पुनरुज्जीवनही झाले. ‘नोट्स फ्रॉम द पास्ट’ (२००२) धरून तीन अल्बमांनंतर २००५ मध्ये स्टोल्टने ते काम सोडले. २०१५ मध्ये ‘जेनेसिस’ या बँडचा माजी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याच्या दौऱ्यात त्याने बेस वाजवला. मुख्य गिटार अर्थातच हॅकेटकडे होती. ‘येस’ या बँडचा माजी गायक जॉन अँडरसन याच्यासोबतचा ‘इन्व्हेन्शन ऑफ नॉलेज’ (२०१६) याच काळातला. काही वर्षांच्या खंडानंतर ‘वेटिंग फॉर मिरॅकल्स’ (२०१९) पासून द फ्लॉवर किंग्जचे नवे अल्बम पुन्हा येऊ लागले. ‘लुक अॅट यू नाऊ’ (२०२३) त्यांपैकीच एक.