स्विमिंग पूलची गोधडी

न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्याच ऑक्टोबरात एक नवीन प्रश्न पडतो. घरामागे आधीच्या मालकाने खोदून ठेवलेला पूल आहे, मेपलची पानं गळायला लागलीत, आता यावर घालायचं काय? आणि स्वस्तात काय मिळेल? (दुसरा प्रश्न खरं तर पहिला असतो :))

पहिली शंका अशी की पाणी काढूनच का टाकत नाहीत? कारण रिकाम्या पूलला खालचं भूजल वर ढकलतं. अख्खं काँक्रीटचं भांडं होडीसारखं उचललं जाऊ शकतं. म्हणून पाणी थोडं उतरवायचं, पाइपमधलं हवेने फुंकून काढायचं, नाहीतर त्याचा बर्फ होऊन पाइप फुटतात. आणि वरून झाकण, म्हणजे ऊन अडतं, शेवाळ धरत नाही.

आता गंमत बघा. हे भांडं अमेरिकेत घरोघरी परवडायला लागलं त्यामागे एक हत्तीवाला आहे! कार्ल एकली हा शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये प्राण्यांच्या कातड्यात भुसा न भरता त्यांना जिवंत वाटावं असं उभं करणारा कलाकार. त्याने उभे केलेले दोन झुंजणारे हत्ती आजही तिथे आहेत. म्युझियमच्या पडक्या भिंती दुरुस्त करायला त्याने सिमेंट फवारणारी बंदूक बनवली आणि 1911 मध्ये तिचं पेटंट घेतलं. साचा न बांधता खड्ड्यात थेट काँक्रीट मारता येतं म्हटल्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत पूलचं पेवच फुटलं.

झाकणाची गोष्ट मात्र रसायनशास्त्राची. 1933 मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआयच्या गिब्सन आणि फॉसेट यांच्या भांड्यात चुकून एक मेणासारखा पांढरा पदार्थ जमला, तो पॉलिथिलीन. युद्धात तो रडारच्या केबलवर गेला. 1953 मध्ये जर्मनीत त्सीग्लरने तो कमी दाबावर बनवला आणि 1954 मध्ये इटलीत नात्ताने पॉलिप्रॉपिलीनची साखळी नीट ओळीत आणली. दोघांना 1963 चं नोबेल. पहिल्याची विणून ताडपत्री होते (पावसाळ्यात आपल्याकडे छपरावर टाकतात तीच जात), दुसऱ्याची जाळी. म्हणजे पूल झाकायला दोन नोबेलविजेते कामाला आहेत.

ताडपत्री स्वस्त, पण तिला कडेने पाण्याच्या नळ्यांचं वजन ठेवतात. त्या नळ्या काठोकाठ भरू नयेत, कारण गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि नळी फाटते. वर साचलेलं पावसाचं पाणी पंपाने उपसत राहावं लागतं.

आणि खरी भीती तिथेच आहे. अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण बुडणं हे आहे. ताडपत्रीवरचं वीतभर पाणीही रांगत्या पोराला पुरतं. शिवाय मूल त्यावर गेलं तर ताडपत्री खचते, त्याला गुंडाळून घेते, आणि वरून कुणाला दिसतही नाही. म्हणून 1991 मध्ये एएसटीएमने एफ1346 हे मानक काढलं. दोन मोठी माणसं आणि एक मूल, म्हणजे 485 पौंड (220 किलो) वजन झाकणाने पेललं पाहिजे, आणि वर पाणी साचता कामा नये. अशी कव्हर्स पितळी खुंट्या काँक्रीटमध्ये ठोकून पट्ट्या आणि स्प्रिंगने ताणतात. लाँग आयलंडच्या लूप-लॉक कंपनीने तर जाहिरातीत कव्हरवर चक्क हत्ती उभा केला. एकलीला आवडलं असतं!

माझं मत विचाराल तर घरात (किंवा शेजारी!) लहान मूल असेल तर ताडपत्रीचा भाव बघूच नका. तसंही ती दोन-चार हिवाळ्यांत ऊन खाऊन चिरते, जाळी अनेक वर्षं टिकते. साधी जाळी ऊन आत सोडते, त्यामुळे एप्रिलमध्ये पाणी हिरवं निघतं. ते साफ करायला एक शनिवार-रविवार आणि क्लोरीनचे दोन डबे जातात. दाट विणीची जाळी घेतली तर तेही बरंच कमी. खुंट्या मात्र स्वतः ठोकायच्या भानगडीत पडू नका, फरशीला तडा गेला की वाचवलेले डॉलर तिथेच संपतात.