मॉव्ह, आंतोन
मॉव्ह, आंतोन : (१८ सप्टेंबर १८३८–५ फेब्रुवारी १८८८). डच निसर्गचित्रकार, हेग संप्रदायाचा आधारस्तंभ आणि जलरंगांतला मातब्बर. जन्म झानडामचा. वडील मेनोनाइट पंथाचे धर्मोपदेशक. हार्लेमला फान ओस या प्राणिचित्रकाराकडे त्याने धडे घेतले. पण त्याची नजर घडली ती ओस्टरबेक गावच्या रानात, उघड्यावर बसून रंगवणाऱ्या चित्रकारांच्या संगतीत. १८७०च्या दशकात तो हेगला स्थायिक झाला.

जलरंग म्हणजे तैलचित्राची पूर्वतयारी, हा समज हेगच्या चित्रकारांना मान्य नव्हता. १८७६ मध्ये त्यांनी जलरंग व रेखाटनांसाठी स्वतंत्र मंडळ काढले. संस्थापकांत चित्रकार मेस्डाख होता, तसा मॉव्हही. मोकळ्या, ओल्या हाताने आभाळ आणि क्षितिज एकमेकांत विरघळू द्यायचे, मग मेंढ्यांच्या पाठीवरचा उजेड अपारदर्शक पांढऱ्याने नेमका टिपायचा, ही त्याची हातोटी. पारदर्शक रंगाचा कर्मठ आग्रह त्याला नव्हता. त्याला दृक्प्रत्ययवादी म्हणतात, ते मात्र जपून घ्यावे. पॅरिसच्या दृक्प्रत्ययवाद्यांसारखे शुद्ध रंगाचे ठिपके त्याच्याकडे नाहीत. दमट हवेतल्या करड्याच्या नाना छटा आहेत. टीकाकार हेगच्या चित्रकारांना ‘करडा संप्रदाय’ म्हणत, ते याचमुळे.

त्याची पत्नी व्हिन्सेंट व्हॅन गॉगची मामेबहीण. १८८१ च्या अखेरीस त्याने व्हिन्सेंटच्या हाती जलरंग दिले. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करण्याच्या सक्तीवरून पुढे दोघांचे फाटले; व्हिन्सेंटने ते पुतळे फोडून टाकले. तरी मॉव्ह गेल्याचे कळताच बहरलेल्या पीचच्या झाडांचे चित्र व्हिन्सेंटने त्याच्या स्मृतीला अर्पण केले (१८८८, क्रोलर-म्यूलर संग्रहालय).

अखेरची काही वर्षे तो लारेन गावी राहिला. तिथल्या माळावरच्या मेंढ्यांच्या कळपांच्या चित्रांना अमेरिकेत एवढी मागणी होती, की समोरून येणाऱ्या आणि पाठमोऱ्या जाणाऱ्या मेंढ्यांचे भाव वेगळे असत, असे सांगतात. या मागणीपायी त्याने स्वतःला पुष्कळदा गिरवले.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले ‘समुद्रकिनाऱ्यावरील सकाळची रपेट’ (१८७६) हे त्याचे सर्वांत गाजलेले तैलचित्र. त्यातल्या रुबाबदार स्वारांमागे वाळूत घोड्यांची लीदही त्याने रंगवली आहे. तरीही त्याचा खरा कस जोखायचा तर त्याची छोटी जलरंगचित्रेच पाहावीत.