विक : बाजाराचे गाव आणि शांततेचा करार

परदेशातले एखादे जुने गाव पाहायला एकच दिवस हाताशी असेल, तर तो दिवस बाजाराचा निवडावा. देवळे आणि वाडे रोज जागच्या जागी असतात. पण जे गाव बाजारावर वाढले, ते बाजार भरल्यावाचून आपले खरे रूप दाखवीत नाही. आज तुम्हांला अशाच एका गावी न्यायचे आहे. गावाचे नाव विक. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात कॅटलोनिया हा प्रदेश आहे. बार्सिलोना ही त्याची राजधानी. तिथून उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर, डोंगरांच्या कड्यात बसवलेल्या सपाट मैदानात हे विक वसले आहे. हिवाळ्यात या मैदानावर दाट धुके साचते, तेव्हा जाणाराने गरम कपडे विसरू नयेत.

बाजार मंगळवारी आणि शनिवारी. सकाळी लवकर पोहोचा आणि थेट मोठ्या चौकात जा. चारी बाजूंना कमानींचे ओटे, वर निरनिराळ्या शतकांतली घरे, आणि मधले मैदान मात्र फरशी न घातलेले, वाळूमातीचे! भाजी, फळे, चीज, कापडचोपड, सारे तिथे मांडलेले असते. इथले मसाला घालून वाळवलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज प्रसिद्ध आहे. मैदानाची थंड, दमट हवा त्याला मानवते असे म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या झावळ्यांच्या रविवाराच्या सुमारास तर गुरांची आणि शेतीच्या अवजारांची मोठी जत्रा भरते. आपला आठवडे बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला या चौकात परके वाटणार नाही.

आता एक प्रश्न मनात धरा. बाजार भरायला काय लागते? माल लागतो, गिऱ्हाईक लागते, हे तर खरेच. पण त्याआधी एक गोष्ट लागते : घरून निघालेला माणूस संध्याकाळी धडपणे घरी परत येईल, ही खात्री. विकचा इतिहास या खात्रीचा इतिहास आहे.

चौकातून थोडे चालून गेलात की एक रोमन देऊळ दिसेल. ते दुसऱ्या शतकातले. रोमन काळी या गावाला आउसो म्हणत. पुढे गाव उजाड झाले, आणि ९व्या शतकाच्या अखेरीस गिफ्रे नावाच्या काउंटने, म्हणजे त्या मुलखाच्या सरदाराने, ते पुन्हा वसवले. लॅटिनमध्ये वस्तीला विकुस म्हणत, त्यावरून विक. मग देऊळ कुठे गेले? मोंतकाडा नावाच्या सरदार घराण्याने त्याच्या भिंतींभोवतीच आपला गढीवजा वाडा बांधला. देवाचा गाभारा वाड्याचे अंगण होऊन बसला! १८८२ मध्ये तो वाडा पाडू लागले, तेव्हा आतून रोमन भिंती निघाल्या. आज दिसणारे बरेचसे खांब नंतर उभारलेले आहेत, हे ध्यानात ठेवा.

देवळाला गिळणारे असे सरदार ११व्या शतकात गावोगावी होते. एकमेकांशी त्यांची भांडणे, आणि पिके जळायची, गुरे पळवली जायची ती मात्र कुणब्याची. अशा वेळी विकच्या बिशपपदावर ओलिबा नावाचा माणूस होता. जन्माने तो सरदारच, गिफ्रेचा पणतू. पण सरदारकी सोडून तो मठात गेला होता. १०२७ मध्ये तुलूजस या गावी, जे आज फ्रान्समध्ये आहे, त्याच्या अध्यक्षतेखाली एक धर्मसभा भरली. तिने ठरवले की शनिवारी दुपारी तीनच्या सुमारापासून सोमवारी सकाळपर्यंत कोणी शत्रूवर शस्त्र उचलू नये. आणि चर्चभोवतीच्या तीस पावलांच्या आत तर कोणी हिंसाचार करूच नये. मोडील त्याला धर्मबहिष्कार! १०३३ मध्ये विक येथे हाच करार पुढे नेला गेला.

तीस पावले! ऐकायला जागा ती केवढी? पण कुणब्यांनी त्या वर्तुळात धान्याची कोठारे बांधली, मागोमाग घरे आली, आणि कित्येक खेडी अशीच वाढली. बी-बियाणे सुरक्षित, तर पुढले पीक. पीक असेल, तर बाजार. करार अनेकदा मोडला गेला, हेही सांगितले पाहिजे. म्हणून तर तो पुन्हापुन्हा करावा लागला. पुढे त्याच्या सभा राजे बोलावू लागले, आणि कॅटलोनियाच्या जुन्या प्रतिनिधिसभेचे मूळ या सभांत शोधले जाते.

दुपारी कथेड्रलकडे वळा. इमारत बहुतेक १८व्या शतकाच्या अखेरीची आहे. पण शेजारचा उंच घंटामनोरा ११व्या शतकातला, आणि खालचे तळघरही त्याच काळचे. आत भिंती व्यापणारी प्रचंड चित्रे जोसेप मारिया सेर्त याची आहेत. त्याची आधीची चित्रे १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या आरंभी, जळाली. त्याने ती पुन्हा रंगवली आणि १९४५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ज्या गावाने शांततेचा करार केला, तेथेच ही आग! शांतता एकदा करून ठेवता येत नाही, हा धडा त्या भिंतींवर आहे. वेळ उरल्यास शेजारचे बिशपांचे संग्रहालय पाहा. ते १८९१ मध्ये उघडले, आणि खेड्यांतल्या जुन्या चर्चमधली लाकडावरची चित्रे तिथे जपली आहेत.

१९७१ मध्ये पाब्लो कासाल्स हा कॅटलान चेलोवादक संयुक्त राष्ट्रसंघात बोलला. आपल्या लोकांनी ११व्या शतकातच शांततेसाठी सभा भरवली, याचा त्याने अभिमानाने उल्लेख केला. वर्गात लढायांच्या सनावळ्या शिकवताना शिक्षकमित्रांनी १०२७ हे सालही फळ्यावर लिहावे. आणि बाजाराला निघालेल्या प्रत्येकाने मनात म्हणावे, की रस्ता निर्धोक आहे तो कोणीतरी तसा ठेवला म्हणून.