तामलवाडी ते तुळजापूर : एका पहाटेचा पडताळा

निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या लष्करी कारवाईची हकिकत कोणीही सांगो, नळदुर्गला पाने मिळतात आणि तुळजापूर दोन-चार ओळींत उरकते. त्या ओळींचा मथितार्थ एवढाच : १३ सप्टेंबर १९४८ रोजी तांबडे फुटता फुटता भारतीय फौजेची एक तुकडी तुळजापूरला पोचली, समोर निजामाच्या १ हैदराबाद इन्फन्ट्रीची तुकडी आणि निजामाच्या बाजूने लढणारे सुमारे २०० रझाकार स्वयंसेवक होते, दोन तास लढून त्यांनी शस्त्रे ठेवली. या ओळी पायी पडताळून पाहाव्यात म्हणून मी सप्टेंबरातच तामलवाडीहून चालायला लागलो. सोलापूरहून तुळजापूर गाठायचे तर सरळ सडक हीच. कोजागिरीला सोलापूरकडचे भाविक रात्रभर चालत तुळजाभवानी आईच्या दर्शनाला जातात, तेही याच वाटेने.

आज तामलवाडीला टोलनाका आहे. १९४८ मध्ये या भागातला सोलापूर जिल्हा भारतात होता आणि तुळजापूर तालुका निजामाच्या राज्यात. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके असत. अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली सिक्का. हद्दही काही सरळ रेघ नव्हती. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे नान्नज निजामाचे, तर बार्शी आणि सोलापूर दोन्ही भारताची. जुलै १९४८ मध्ये याच नान्नजला चकमक झडली आणि भारतीय फौजेने ते गाव ताब्यात घेतले. या हद्दीलगत निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सरहद्द कॅम्प उभे राहिले होते. म्हणजे १३ सप्टेंबर उजाडण्यापूर्वीच इथला रस्ता धुमसत होता.

आता वेळेचा हिशेब मांडू. फौजेने राज्यात पाऊल टाकले ते पहाटे चारला. सप्टेंबरच्या मध्याला इकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेपाचनंतर दिसू लागते. हद्दीपासून तुळजापूर वीस-पंचवीस किलोमीटर. एवढे अंतर दीड-दोन तासांत पायी तुटत नाही. तुकडी वाहनांवर होती हे उघड आहे. तिच्यात ३ कॅव्हलरीचे एक स्क्वाड्रन होते, तोफखाना होता, पूल-रस्ते सांभाळणारे इंजिनिअर होते, आणि पंजाब, गुरखा व मेवाडचे पायदळ होते. पंचांग आणखी एक गोष्ट सांगते. ते गणपतीचे दिवस, भाद्रपद शुद्ध दशमीच्या आसपासची रात्र. या तिथीचा चंद्र मध्यरात्रीनंतर दोनच्या आतबाहेर मावळतो. म्हणजे चार वाजता गाड्या हलल्या तेव्हा काळोख होता. वेळ ठरवणाऱ्यांनी चंद्रास्त पाहिला होता की नाही, त्यावर मी पैज लावणार नाही. काळोख मात्र त्यांना मिळाला.

मालुंब्रा मागे पडते. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडू लागलेले, मधून तुरीच्या हिरव्या ओळी. सिंदफळपर्यंत चढ डोळ्यांना फारसा कळत नाही, पोटऱ्यांना कळतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर. तुळजापूर साडेसहाशेच्या घरात, बालाघाटाच्या कडेवर. शेवटच्या चढावर थांबून मी मागे पाहिले, तर दक्षिणेकडची सगळी सपाटी खाली पसरलेली. तुळजापूर का घ्यावे लागले, याचे उत्तर मला या चढावर मिळाले. मुख्य फौज सोलापूर-नळदुर्ग-हैदराबाद सडकेने पूर्वेला जाणार होती. ही उंची शत्रूच्या हाती राहिली असती, तर त्या फौजेची डावी बगल आणि मागून येणारी रसद कायम धोक्यात. हा माझा तर्क आहे, पण तो घड्याळाशी जुळतो.

कारण त्याच वेळी ३४ किलोमीटरवर नळदुर्गला ७ ब्रिगेडने बोरी नदीवरचा पूल साबूत ताब्यात घेतला होता आणि २ शीख पलटण तिथल्या मोर्चांवर चालून गेली होती. तो पूल उडवण्याचे काम सोपवलेला निजामाच्या नोकरीतला ब्रिटिश लेफ्टनंट टी. टी. मूर स्फोटकांनी भरलेल्या जीपसह पकडला गेला. नऊ वाजता रणगाडे नळदुर्गपुढच्या जळकोटला होते. तुळजापूरची दोन तासांची लढाई पहाटेपासून धरली तर साधारण आठला संपते. म्हणजे डावी बगल मोकळी झाली आणि तासाभरात रणगाडे जळकोटला पोचले. दुपारी सव्वातीनला ते राज्याच्या आत ६१ किलोमीटरवर, उमरग्यात. तुळजापूरची तुकडी मात्र लोहाऱ्याच्या वाटेवर अडली. तिला रझाकारांनी नव्हे, पूर आलेल्या नदीने अडवले.

सरकारदरबारी या सगळ्याचे नाव ‘पोलीस ॲक्शन’. पोलिसांकडे रणगाडे नसतात. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी निजामाच्या फौजेचे सेनापती जनरल एल एद्रूस भारतीय फौजेच्या मेजर जनरल जे. एन. चौधरींना शरण आले. लष्करी कागद इथे मिटतात.

दुसरा कागद पुढे सुरू होतो. नेहरूंनी पाठवलेले पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांचे सहकारी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात राज्यभर फिरले. त्यांचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद त्यात आहे, आणि कारवाईच्या काळात व नंतर मुसलमानांच्या झालेल्या कत्तलीचीही. अंदाज एकंदर २७ ते ४० हजार मृत्यूंचा. त्यातले किमान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. शेजाऱ्याला वाचवताना स्वतःचा जीव गमावलेले हिंदूही त्यात आहेत, आणि मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिलेले हिंदू विणकरही.

त्याच अहवालात लातूरही आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, अहवालकर्त्यांना जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, उरलेले पळाले होते.

तुळजापुरात पोचल्यावर महाद्वारापाशी चहा घेतला आणि वही उघडली. तुळजापूरच्या नोंदीपुढे लिहिले होते : लढाई, दोन तास. त्याखाली लातूरचा आकडा लिहिला : कत्तल, वीस दिवसांहून जास्त.